शंका आली की हिरवा

सरांना रविवार ठाऊक नव्हता. ॲन आर्बरची मराठी मंडळी गणपतीला एका शाळेचा हॉल भाड्याने घ्यायची. आरती ऐन रंगात आली की सर हातातली झांज शेजारच्याच्या हातात कोंबून निघायचे. कुणी अडवलंच तर म्हणायचे, "घरी लहान मूल आहे हो. भुकेलं असेल." नवीन माणसाला ते खरं वाटायचं. आम्हाला माहीत होतं की सर एकटे राहतात, त्यांना मूलबाळ नाही, आणि भुकेलेलं मूल म्हणजे विद्यापीठातल्या आमच्या लॅबमध्ये डिशमध्ये वाढणाऱ्या पेशी. मानवी भ्रूणातून आलेल्या स्टेम सेल्स. त्यांना रोज खाऊ घालावं लागतं. कालचं पोषकद्रव काढायचं, आजचं ताजं घालायचं. हयगय झाली की त्या रुसतात, आणि रुसल्या की भलतंच काहीतरी व्हायला लागतात. "पेशींना वार कळत नाही," असं सर म्हणायचे आणि ऊन असो, बर्फ असो, सायकलवर टांग मारून लॅबकडे जायचे.

मी त्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. पुण्याला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून नवऱ्याच्या मागोमाग मिशिगनला आले, व्हिसामुळे काही वर्षं घरात बसले, आणि कामाची परवानगी आल्यावर जी पहिली नोकरी मिळाली ती ही. लॅबची डायरेक्टर एक अमेरिकन बाई होती, हुशार आणि कायम विमानात. रोजचा कारभार सरांकडे. सर मूळचे सांगलीकडचे. मला 'अहो बाई' म्हणायचे, पेशींना मात्र अरे-तुरे. सकाळी इन्क्युबेटर उघडताना विचारायचे, "काय रे मंडळी, झोप झाली का?" आणि दार इतकं हळू लावायचे की लागलं की नाही ते मला परत बघावं लागायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "हे हिरवं आहे," ते म्हणाले. "तुम्ही लाल खोलीत उभ्या आहात."

पेन निळं होतं. त्याच्या टोपणावर एक हिरवा ठिपका चिकटवलेला होता.

हे हिरव्या-लालचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर येऊन जाहीर केलं की भ्रूणातून काढलेल्या ज्या पेशी आजच्या तारखेला अस्तित्वात आहेत, तेवढ्यांवरच्याच संशोधनाला सरकारी पैसा मिळेल. यापुढे कुणी नव्या काढल्या तर त्यांच्यावर सरकारचा छदामही खर्च करायचा नाही. खाजगी देणग्या मिळवा आणि काय ते करा. आमच्याकडे दोन्ही तऱ्हेच्या पेशी होत्या. त्यामुळे लॅबच्या दोन खोल्या झाल्या आणि वस्तूंच्या दोन जाती. सरकारी पैशाने घेतलेल्या मायक्रोस्कोपखाली नवी पेशी आली की गुन्हाच. सरकारी वस्तूला हिरवा ठिपका, देणगीतून आलेल्या वस्तूला लाल.

शहाणी माणसं यंत्रांना ठिपके लावून थांबली असती. सरांनी स्टेपलरला लावले, झाडूला लावले, चहाच्या मगांना लावले. स्वतःचे दोन कोट शिवून घेतले. एकदा लाल खोलीत हिरव्या खोलीतली कागदाची क्लिप सापडली, तर ती चिमटीत धरून, दुसऱ्या हाताने दारं उघडत, ते ती परत ठेवून आले आणि मग त्यांनी हात धुतले. जुन्या वस्तूंपैकी कितीतरी कुठून आल्या होत्या ते कुणालाच आठवत नव्हतं. त्यांच्यासाठी सरांचा नियम होता, शंका आली की हिरवा. देणगीची वस्तू सरकारी समजून बाजूला ठेवली तर कुणाचं काही बिघडत नाही, उलटं झालं तर लॅबला टाळं, असं ते समजावून सांगायचे. तेव्हा मलाही ते पटलं होतं.

हा माणूस स्वतःला कट्टर नास्तिक म्हणवायचा. जानवं कॉलेजात असतानाच काढून फेकलं, हे तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा. गळ्यात काळ्या दोऱ्यात सामानाच्या खोलीची किल्ली असायची, ती आंघोळीलाही निघत नसावी. माझा नवरा नागपूरचा, तोंडाने फटकळ. तो एकदा ऐकून घेऊन म्हणाला, "जानवं गेलं, पण सोवळं तसंच राहिलं ना यार त्यांचं." मंडळातली पोरं त्यांना स्टिकरकाका म्हणायची, कारण त्यांच्या खिशात ठिपक्यांची गुंडाळी कायम असे. आमची लेक एकदा उड्या मारत आली, "मम्मा, ही पुट अ ग्रीन डॉट ऑन माय शू!" तिच्या बुटावर खरंच ठिपका होता, आणि सर लांबून हसत होते.

दुसऱ्याला स्टेम सेल समजावून सांगायचं त्यांना व्यसन होतं. एका घरी जेवणाच्या आधी पुऱ्या लाटणं चाललं होतं. पूर्वेकडच्या पिस्कॅटवे गावाहून लेकीकडे आलेल्या एक काकू होत्या, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. त्यांनी लाटता लाटता विचारलं, "म्हणजे तुम्ही बाळं मारता का हो?"

बाकी सगळे गोरेमोरे झाले. सर खूश झाले. त्यांनी परातीतला कणकेचा गोळा उचलला.

"काकू, याचं काय होणार?"

"पुरी. दिसत नाही का?"

"पोळी नाही होणार?"

"होईल की."

"शंकरपाळे?"

"त्याला मोहन लागतं."

"बरोबर! काय घालता, कसं वागवता, त्यावर ठरतं. पण एकदा तळलेल्या पुरीची परत कणीक होत नाही. तुमच्या-माझ्या कातडीच्या, काळजाच्या पेशी म्हणजे तळलेल्या पुऱ्या. मला कणीक हवी. जिचं अजून काहीच ठरलेलं नाही अशी पेशी. ती मेंदूची होईल, हृदयाची होईल, रक्ताची होईल. आणि तोवर डिशमध्ये स्वतःसारख्याच पेशी तयार करत राहील, न थकता."

"आणि ती मिळते कुठे?"

"पाच दिवसांच्या भ्रूणात. आईच्या पोटातल्या नव्हे हं. मूल होत नाही म्हणून जोडपी दवाखान्यात जातात, तिथे स्त्रीबीज आणि शुक्राणू बशीत एकत्र आणतात. पाचव्या दिवशी एक पोकळ चेंडू होतो, रांगोळीच्या कणाहून लहान. त्याच्या बाहेरच्या भिंतीची पुढे वार होते. आत एका कडेला पेशींचा गठ्ठा असतो, त्याचं बाळ होतं. तो गठ्ठा काढून घेतात आणि उंदराच्या पेशींच्या गादीवर वाढवतात."

"मग त्या चेंडूचं काय?"

"मोडतो. खोटं कशाला सांगू? गठ्ठा काढला की त्याचं बाळ कधीही होणार नाही."

काकूंचं लाटणं थांबलं. सर घाईने पुढे म्हणाले, "पण ऐका तर. दवाखान्यात भ्रूण जास्तच तयार होतात. एक-दोन पोटात ठेवतात, उरलेले गोठवून ठेवतात. जोडप्याला नको झाले की ते जातात कचऱ्यात. आपल्या मिशिगनमध्ये त्याला परवानगी आहे. मात्र तेच भ्रूण आम्हाला दिले आणि आम्ही त्यातून पेशी काढल्या, तर आम्ही तुरुंगात!"

"टाकले तर चालतात, वापरले तर पाप? कुणी केला हा कायदा?"

"काकू, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा," सर म्हणाले, आणि कणकेचा गोळा परत परातीत ठेवून लगेच हात धुवायला गेले.

ते म्हणाले ते खरं होतं. आमच्या लॅबमधल्या सगळ्या पेशी बाहेरच्या राज्यांतून आणि देशांतून आलेल्या होत्या. या राज्यात एकही काढता येत नव्हती.

आमचेही चार होते. हे मी लॅबमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. आमची मुलगी अशाच उपचारांतून झालेली, आणि त्याच खेपेचे चार भ्रूण दवाखान्याच्या टाकीत, एकेका बारीक नळीत गोठवलेले होते. दरवर्षी विचारणा यायची की ठेवायचे, दुसऱ्या जोडप्याला द्यायचे, की टाकायचे. दुसरं मूल नको हे आमचं ठरलं होतं, पहिल्या वेळी माझ्या शरीराचे झाले तेवढे हाल पुरे होते. दुसऱ्याला द्यायला मन घेईना. आपल्या लेकीचं भावंड या देशात कुठेतरी परक्या नावाने वाढतंय, ही कल्पना मला झेपली नसती. आणि टाकायला हात धजेना. मी रोज सकाळी ज्या पेशींना खाऊ घालत होते, त्या माझ्यासारख्याच कुण्या बाईने, माझ्यासारखीच इंजेक्शनं सोसून, दिलेल्या होत्या. तिचं नाव मला कधीच कळणार नव्हतं. आपणही तसंच द्यावं, कुठल्यातरी लॅबमध्ये कुणीतरी रोज सकाळी आपल्याही पेशींची विचारपूस करावी, एवढंच मला हवं होतं. नवरा म्हणाला, "दे यार. कोणाच्या कामात आले तं बरंच आहे."

सरांना सांगितलं तेव्हा ते स्टुलावरून उठले, त्यांनी हातमोजे काढले आणि मला वाकून नमस्कार केला. साठीला आलेला माणूस, मी तिशीतली. मी मागे सरले. "अहो सर, हे काय!"

"इतकी वर्षं सगळ्यांना सांगतोय मी, बाई," ते म्हणाले. "पहिल्यांदा कुणीतरी देतंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी ते मला फार आवडले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्यांना कधी क्षमा केली नाही.

शेजारच्या राज्यातली एक लॅब त्यांनीच शोधली. तिथे असं काम कायदेशीर होतं आणि पैसा सगळा देणगीचा. सह्या झाल्या, फोन झाले. रोज सकाळी ते मला विचारायचे, "आपली मंडळी कधी निघणार?" घाई नव्हती. मग त्या हिवाळ्यात दवाखान्याने कळवलं की त्यांची जुनी टाकी बंद होणार आहे. ठरलेल्या शुक्रवारी दुपारपर्यंत जे भ्रूण हलवले जाणार नाहीत ते टाकून दिले जातील. पलीकडच्या लॅबने प्रवासाची टाकी पाठवली. म्हणजे एक मोठा थर्मासच, आत द्रव नायट्रोजन मुरवलेला. ती येईल, त्यात नळ्या ठेवायच्या, कुरियरने परत धाडायच्या, इतकं साधं काम. पण गुरुवारी मोठी हिमवृष्टी झाली आणि ती टाकी वाटेतल्या विमानतळावर अडकली. सोमवारशिवाय येणार नव्हती. दवाखाना थांबायला तयार नव्हता.

आमच्या सामानाच्या खोलीत, सगळ्यात वरच्या फळीवर, हुबेहूब तशी टाकी होती, लॅबमधली एकुलती एक. कित्येक महिने कुणी वापरलेली नव्हती. शुक्रवारी सकाळी मी सरांच्या आधी पोचले आणि त्या खोलीच्या दाराशी उभी राहिले.

"सर, वरची टाकी द्या."

त्यांनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "त्यावर हिरवा ठिपका आहे."

"माहीत आहे मला."

"सरकारी वस्तू आणि भ्रूणाचं काम? बाई, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"सर, भांडं आहे ते नुसतं. आज नेते, मंगळवारी परत आणून ठेवते. कोण बघणार आहे?"

"मी," सर म्हणाले.

मी रडले. भांडले. डायरेक्टरबाईंना फोन लावला, त्या युरोपच्या विमानात होत्या. सर किल्ली मुठीत धरून उभे. "उद्या कुणी चौकशी केली तर अख्ख्या लॅबचा पैसा जाईल," ते म्हणाले. "आपल्या लॅबमधली ही दोन चिनी पोरं व्हिसावर आहेत, त्यांना परत जावं लागेल. तुमच्या चारांसाठी?"

कालपर्यंत ती आपली मंडळी होती. आज ते माझे चार झाले होते.

सर निर्दय असते तर बरं झालं असतं, मी सरळ कुलूप फोडलं असतं. पण ते तसे नव्हते. त्यांना एकदम आठवलं की गाईंना कृत्रिम रेतन करणारे लोक असल्याच टाक्या वापरतात, वळूचं वीर्य त्यातूनच गावोगाव फिरतं. त्यांनी फोनवर फोन केले. शहराबाहेर बऱ्याच लांब राहणारा एक गोठेवाला टाकी द्यायला तयार झाला. सरांना गाडी चालवता येत नव्हती. माझ्या नवऱ्याने ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली आणि त्या बर्फात सरांना घेऊन निघाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. टाकी होती डोक्यावरच्या फळीवर, आणि आमची वरात निघाली गोठ्याकडे.

तिथे काय झालं ते नवऱ्याने नंतर सांगितलं. टाकी तयार होती, नायट्रोजन भरलेला होता. उचलायची आणि निघायचं. तर सरांनी त्या गोठेवाल्याला विचारलं की ही घेताना सरकारी सबसिडी मिळाली होती का. तो माणूस बिचकला. "आर यू गाइज फ्रॉम द टॅक्स ऑफिस?" म्हणाला आणि द्यायलाच तयार होईना. त्याची समजूत घालण्यात, सरांना गप्प बसवण्यात वेळ गेला तो गेला. "मी हात जोडले यार त्याच्यापुढे," नवरा म्हणाला. "आणि हे म्हणतात, विचारायला नको का?"

मी दवाखान्यात बसून होते. तिथली मुलगी चांगली होती, सांगितलेल्या वेळेपेक्षा पुष्कळ थांबली. शेवटी बाहेर येऊन म्हणाली, "आय ॲम सो सॉरी. आय कान्ट होल्ड इट एनी लाँगर." मग तिने विचारलं, आत येऊन थांबायचंय का. मी गेले.

तिने चार नळ्या काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवल्या. त्यांच्यावर पांढरं दव धरलं, थोड्या वेळाने त्याचं पाणी झालं. बघण्यासारखं काहीच नव्हतं. अशा नळ्या वितळवणं हे माझं रोजचं काम होतं. कोमट पाण्यात, घड्याळ लावून, एकही पेशी दगावू नये म्हणून श्वास रोखून मी ते करायचे. इथे कुणाला घड्याळ लावायची गरज नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अजून वेळ गेलेली नाही, अजून डिशमध्ये घातले तर जगतील. तिने ट्रे कचऱ्याच्या पिशवीत उपडा केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी बाहेर पडले तेव्हा सर दारातून येत होते. टोपीवर बर्फ, टाकी पोटाशी धरलेली. "आणली," ते म्हणाले. मी त्यांच्या शेजारून गाडीकडे निघून गेले.

पुढच्या आठवड्यात डायरेक्टरबाई आल्या. सरांनीच त्यांना सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो मला ऐकू आला. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुठली टाकी? ती जुनी?" ती टाकी बाई आपल्या आधीच्या विद्यापीठातून बरोबर घेऊन आल्या होत्या. एका देणगीदाराने दिलेली. सरकारचा एक पैसाही तिच्यात नव्हता. "त्यावर हिरवा डॉट कुणी लावला?" बाईंनी विचारलं.

"मला शंका होती," सर म्हणाले.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. सर सामानाच्या खोलीत गेले. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, नखाने तो हिरवा ठिपका खरवडून काढला, खिशातून गुंडाळी काढून तिथे लाल लावला, आणि नीट बसलाय ना ते अंगठ्याने दाबून पाहिलं. खाली उतरून त्यांनी खोलीला कुलूप लावलं. ज्या शेतासाठी एवढं कुंपण घातलं होतं ते शेत त्या कुंपणानेच खाल्लं, आणि हा माणूस कुंपणाचा खांब सरळ करत होता. 'चुकलो' म्हणाला नाही, 'वाईट वाटलं' म्हणाला नाही.

नोकरी सोड, असं नवरा म्हणत होता. मी सोडली नाही. पेशी सरांच्या नव्हत्या, त्या अनोळखी बायकांच्या होत्या. सरांशी मी कामापुरतं बोलू लागले. मध्यंतरी बातमी आली की माणसाच्या कातडीच्या पेशी परत मागे नेता येतात, अगदी काहीच न ठरलेल्या अवस्थेपर्यंत. मंडळातले लोक सरांना चिडवू लागले, "काय सर, तळलेल्या पुरीची कणीक झाली की! आता भ्रूण कशाला?" सर तावातावाने सांगायचे की ती कणीक खरीखुरी आहे की नाही हे ताडून बघायला तरी भ्रूणातलीच लागणार. ते पुन्हा बरोबर होते. ऐकताना मला ट्रेमधलं पाणी दिसायचं.

२००८ च्या नोव्हेंबरात राज्यात मतदान झालं आणि लोकांनी तो कायदा बदलला. नको असलेले भ्रूण आता मिशिगनमध्येच संशोधनाला देता येणार होते. दुसऱ्या दिवशी सरांनी पेढे आणले. सगळ्यांना गोळा करून इंग्रजीत छोटं भाषण केलं. इतकी वर्षं आपल्या आड फक्त एक वाईट कायदा होता, तो आज दूर झाला, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मग ते डबा घेऊन एकेकाकडे जात माझ्यापाशी आले. चेहरा उजळलेला.

"अहो बाई, आता तुमच्यासारख्यांना दुसऱ्या राज्याच्या तोंडाकडे बघायला नको."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यात ढोंग नव्हतं.

"सर, माझे कायद्याने गेले नाहीत," मी म्हटलं.

आजूबाजूला कुणाला मराठी येत नव्हतं, सगळे आमच्याकडे बघून हसत होते. सरांचा चेहरा हळूहळू उतरला. डबा तसाच माझ्यासमोर.

"मी नियम मोडला नाही, बाई," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही होतात ना तिथे. मी काही चुकीचं केलं नाही."

"नाही केलंत. एकदा केलं असतंत, सर, तर आज ते कुठल्यातरी डिशमध्ये जिवंत असते."

सरांनी पेढ्यांचा डबा माझ्यासमोरून उचलून पलीकडच्या पोरापुढे धरला.